वाचासिद्धी नाकारणारे भाऊसाहेब

भाऊसाहेब पळसुले यांची आणि माझी पहिली भेट वृषभ राशीने घडवून आणली. त्या काळी मी झाशीत इलाइट चौराह्याजवळच्या एका हिंदी दैनिकात मुद्रितं तपासत असे. एके सकाळी एक उंच, सडसडीत गृहस्थ जिना चढून वर आले, त्या दिवशीचा अंक टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारले, "राशिफल कौन लिखते हैं?"

खरे उत्तर अवघड होते. नाव एका ज्योतिषाचार्यांचे छापले जाई. मजकूर मात्र आदल्या संध्याकाळी ज्याचे हात रिकामे असतील तो लिही. त्या खेपेला खेळांचे पान बघणारे दुबेजी रिकामे होते. त्यांनी भीतभीत मान हलवली.

"आपने लिखा है, वृषभवाले आज लोहे से दूर रहें," गृहस्थ म्हणाले. "मेरा एक गैंगमैन वृषभ का है. आज पुल पर नहीं आया. रेल का पुल लोहे का होता है, भैया. अब उसे कागज़ का तो बना नहीं सकते."

दुबेजींनी यापुढे लोखंड येणार नाही असा शब्द दिला. गृहस्थ दारापर्यंत गेले आणि मागे वळले. "पानी भी मत लिखिएगा. नीचे बेतवा है."

मी जिन्यात त्यांना गाठले आणि मराठीत नाव सांगितले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, एखादा खांब तपासावा तसे. "घरी येत जा," ते म्हणाले. "सीपरी बाजारात कुणालाही विचारा, पूलवाले बाबूजी कुठे राहतात." तेव्हापासून त्या घरचा चहा मी इतका प्यायलो आहे, की त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथातला हा लेख कृतज्ञतेचा मानावा की परतफेडीचा, हे वाचकांनीच ठरवावे.

भाऊसाहेबांची सारी नोकरी रेल्वेच्या पुलांची तपासणी करण्यात गेली. लोखंडी सांधे धरून ठेवणारा खिळा, म्हणजे रिव्हेट, हातोडीने ठोकून पाहायचा. घट्ट असेल तर एक आवाज, सैल असेल तर दुसरा. एकदा एका वरिष्ठांनी त्यांना विचारले, हा गर्डर माझी बदली होईपर्यंत टिकेल ना? भाऊसाहेब म्हणाले, "साहेब, आज कसा आहे ते लिहून देतो. उद्याचं विचाराल, तर उद्या पुन्हा येऊन बघेन." साहेबांना हे उद्धट वाटले. मला त्यात एका माणसाचे सगळे शास्त्र दिसते.

त्यांच्या घराण्याकडे पाहिले तर हे नवलच आहे. पूर्वज दक्षिणेतून इकडे आले ते पंचांग काखेत घेऊन. आजोबांनी अर्ध्या झाशीच्या पत्रिका मांडल्या. भाऊसाहेब स्वतः रोज सोवळ्याने पूजा करतात, संकष्टीला चंद्र दिसल्याशिवाय जेवत नाहीत. देवाशी त्यांचे काही भांडण नाही. देवाच्या वतीने जे बोलतात, त्यांच्याशी आहे. "देवाला मला काही सांगायचंच असेल, तर तो मला सांगेल की," ते म्हणतात, "मध्ये दलाल कशाला लावेल?"

अशा माणसाला लोकांनी भविष्यवेत्ता करून टाकले, ही गोष्ट मी माझ्या एखाद्या व्यंगलेखात लिहिली असती, तर संपादकांनी अतिशयोक्ती म्हणून कापली असती.

झाले ते असे. त्यांच्या घरामागे गुप्ताजींचे धान्याचे गोदाम होते. भाऊसाहेबांनी एकदा त्याची भिंत पाहिली आणि गुप्ताजींना बजावले, "मज़दूरों को इसके नीचे मत सुलाइए, बरसात में गिरेगी." वैतागून का होईना, गुप्ताजींनी मजूर हलवले. श्रावणात भिंत कोसळली. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. गुप्ताजी पेढे घेऊन आले आणि त्यांनी थेट पायांवर डोके ठेवले.

"अरे भाई, दरार थी दीवार में! हाथ घुस जाए इतनी. आपको नहीं दिखी?"

"हमें कैसे दिखती, बाबूजी? वह दृष्टि तो आपकी है."

झाले. बाबूजींना वाचासिद्धी आहे, ते बोलतात ते खरे होते, ही वार्ता मोहल्लाभर झाली. आपल्या मराठी मंडळींनीही ती मनोभावे पसरवली. शिवाय आजोबांचा दाखला देऊन तिला वजन आणले. ओसरीवर माणसे बसू लागली. कुणाला मुलीचे लग्न, कुणाला कोर्टाचा निकाल. भाऊसाहेब "चहा गार झाला" म्हणाले, तरी दोघेजण एकमेकांकडे सूचकपणे पाहत. ते चिडले, तर तेज वाढले म्हणत. गप्प बसले, तर मौन धरले म्हणत. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता, तर पेन्शनीला चांगली जोड झाली असती. भाऊसाहेब प्रत्येकाला एकच सांगत, "मला ठाऊक नाही." हे वाक्य दिवसभर, न कंटाळता, न लाजता म्हणणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

त्याच ओसरीवर एका दुपारी निर्मलावहिनी आल्या. यांना आपल्या मराठी मंडळातले बहुतेक जण ओळखतात. यजमान आधीच गेलेले, एकुलता एक सुधीर, आणि तोही काही महिन्यांपूर्वी आईशी भांडून घराबाहेर पडलेला. मी तिथेच बसलो होतो. त्यांनी नारळ आणि सुधीरचा फोटो भाऊसाहेबांसमोर ठेवला.

"भाऊसाहेब, एकदा म्हणा, सुधीर येईल."

"पोलिसांत कळवलंत का, वहिनी?"

कळवले नव्हते. मऊरानीपूरकडच्या एका माताजींच्या अंगात देवी येई. त्यांनी सांगितले होते, "लड़का चल पड़ा है, रास्ते में है. ढूँढ़ोगी तो उसके पाँव उलटे फिर जाएँगे." म्हणून वहिनींनी कुणाला फोटो दाखवला नव्हता, कुठे विचारले नव्हते. रोज ताट वाढून, दार उघडे ठेवून त्या बसत. आता भाऊसाहेबांचा शब्द मिळाला, की देवीच्या बोलण्यावर शिक्का बसणार होता.

"मला ठाऊक नाही, वहिनी."

"नसू दे ठाऊक. नुसतं म्हणा."

आतून भाऊसाहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, कळवळून म्हणाल्या, "म्हणा ना हो! एका शब्दानं काय जातंय तुमचं?"

मीही मनात तेच म्हणत होतो. भाऊसाहेबांनी फोटो उचलून वहिनींच्या हातात परत दिला. मग म्हणाले, "मी म्हटलं, तर तुम्ही आणखी वर्षभर दारात बसाल. तेवढं माझ्यानं होणार नाही."

"दगड आहात," वहिनी म्हणाल्या, आणि नारळ तिथेच टाकून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब वहिनींच्या दारात उभे राहिले. "फोटो घ्या आणि चला." वहिनींनी नकार दिला. त्यांना राग नव्हता, भीती होती. आपण शोधायला निघालो आणि त्याचे पाय खरेच उलटे फिरले तर? त्या भीतीशी वाद घालता येत नाही, हे भाऊसाहेबांनी ओळखले. माझ्यासारख्याने तिथे माताजींची यथेच्छ टर उडवली असती आणि वहिनींनी दार लावून घेतले असते. भाऊसाहेब म्हणाले, "तुम्ही शोधूच नका. मी शोधतो. तो आला नाही, तर पाप माझं. सगळ्या मोहल्ल्याला सांगा, पळसुल्यांनी शोधलं म्हणून आला नाही. तुम्ही फक्त सोबत या, ओळख पटवायला."

वहिनी निघाल्या. पोलीस ठाणे झाले, मग स्टेशनामागून स्टेशन. साठी उलटलेला, दुखऱ्या गुडघ्याचा हा माणूस पिशवीत फोटो आणि पाण्याची बाटली घेऊन प्रत्येक फलाटावर विचारत फिरला. बीनाच्या बाजूला एका लहान स्टेशनावर रेल्वे पोलिसांनी बेवारस म्हणून ठेवलेले एक गाठोडे सोडले. आत शर्ट होता. खिसा उसवलेला, आणि त्यावर घातलेले टाके वहिनींच्या हातचे होते. पोलिसांच्या नोंदीप्रमाणे सुधीर गाडीतून पडून गेला होता. घर सोडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

परतीच्या गाडीत वहिनी वेगळ्या बाकावर बसल्या. भाऊसाहेबांनी त्यांना हाक मारली नाही.

पुढे जे झाले, ते आपल्या मंडळाला शोभणारे नव्हते, पण गौरवग्रंथात ते असायला हवे. गणपतीच्या दिवसांत, आरतीनंतर, सभागृहात एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "येईल म्हणाले असते, तर आला असता. वर शोधायला गेले! स्वतःच म्हणाले होते, पाप माझं." काही माना डोलल्या. माझी जीभ अशा वेळी आवरत नाही, मी उठलोच. भाऊसाहेबांनी माझे मनगट घट्ट धरले. "बसा. मी म्हणालो होतो तसं." ते स्वतःच्या बचावाचा एक शब्द बोलले नाहीत.

बोलल्या त्या निर्मलावहिनी. बायकांच्या रांगेत त्या उभ्या राहिल्या. आवाज चढलेला नव्हता.

"माझा मुलगा गेल्यावर त्या माताजी मला सांगत होत्या, रस्त्यात आहे म्हणून. मी रोज त्याचं ताट वाढत होते. पुरणपोळीसुद्धा वाढली. यांनी मला माझ्या मुलाचे दिवस करू दिले. आता कुणी काही बोलू नका."

ओसरीवरची गर्दी त्यानंतर ओसरली. दुःखाची बातमी आणणाऱ्याकडे वाचासिद्धी असून उपयोग काय! माताजींचा दरबार अजून भरतो, असे ऐकतो.

या ग्रंथासाठी दोन ओळी मागायला मी परवा वहिनींकडे गेलो. त्या भाजी निवडत होत्या. "मला नाही तसलं लिहिता येत," म्हणाल्या.

"मी लिहितो, तुम्ही सांगा. शतायुषी व्हा, असं लिहू?"

त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली. "नको. किती जगतील ते मला काय ठाऊक?" मग मेथी पुन्हा हातात घेत म्हणाल्या, "असं लिहा. यांनी पुष्कळ जगावं, गुडघा दुखायचा थांबावा, आणि काकूंच्या हातचा चहा रोज गरम मिळावा, असं मला फार वाटतं."

भाऊसाहेबांच्या पंचाहत्तरीला मी याहून चांगले काही लिहू शकत नाही. आम्हा सर्वांनाही तसेच वाटते.