मेंदूकाका

ऑपरेशन थिएटरात सगळ्यांचे डोळे उघड्या छातीवर असायचे. मेंदूकाका मात्र तिकडे पाठ करून बसायचे. पेशंटच्या कपाळावर दोन पट्ट्या चिकटवायच्या आणि मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूला किती प्राणवायू पोचतोय ते छोट्या पडद्यावर बघत राहायचं, हे त्यांचं काम. मी त्यांच्या हाताखाली शिकायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाले, "हृदय थांबवता येतं गं पोरी, परत सुरूही करता येतं. मेंदूला थांब म्हणायची सोय नाही."

काशीमीऱ्याला हायवेलगत आमचं हॉस्पिटल. बाहेर ट्रकांची धडधड, आत मात्र पाण्याखाली असावी तशी हिरवट शांतता. झोपलेल्या पेशंटशी काका हळू आवाजात बोलत. म्हणत, "माणूस आत कुठेतरी फिरतोय. एकटं वाटायला नको त्याला."

एकदा तारोडीची मासे विकणारी मावशी टेबलावर होती. हृदय थांबवलेलं, रक्त मशीनवर फिरतंय, आणि काका एकदम उभे राहिले.

"सर, डावीकडे उतरतंय."

"प्रेशर बरोबर आहे काका. आत्ता नको," सर्जन वैतागले.

काका बसले नाहीत. "प्रेशर असेल सर. पण मेंदूला पोचत नाहीये. नळी बघा एकदा."

रक्त आत सोडणारी नळी जराशी सरकली होती. ती नीट केल्यावर आकडा हळूहळू वर आला. काकांनी चष्मा काढून पुसला आणि मगच ते परत पडद्यासमोर बसले. चौथ्या दिवशी मावशी वॉर्डात भांडत होती, "चाय थंड हाय, मना न्हाय पायजे!" आणि काका दाराआड उभे राहून ते भांडण गाणं ऐकावं तसं ऐकत होते.

गेल्या वर्षी काकांचंच बायपास करायचं ठरलं. ॲडमिट होण्याआधी एका संध्याकाळी मी जेसल पार्कला त्यांच्या घरी गेले. खाडीकडे बघत म्हणाले, "मरायचं काही वाटत नाही गं. पण उठलो आणि शब्दच सापडले नाहीत तर?"

त्यांच्या कपाळावर पट्ट्या मी लावल्या. मध्येच दोन्ही आकडे घसरले. "सर, उतरतंय!" मी ओरडलेच. या वेळी कोणी वैतागलं नाही. मशीनचा प्रवाह वाढवला, आकडे सावरले.

दुसऱ्या दिवशी घशातली नळी काढली. काका कितीतरी वेळ छताकडे बघत राहिले. हाक मारायचा मला धीर होईना. मग ओठ हलले.

"पोरी, फार लांबून आल्यासारखं वाटतंय. थोडी पेज मिळेल?"

मी पेज आणायला धावले आणि जिन्यातच बसून रडले.

काका पुन्हा कामावर आले नाहीत. गुहागरला भावाकडे राहायला गेले. फोनवर एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत. मी मध्ये तोडत नाही.