भाकरीवाल्यांची कुंदा

कुंदा गेल्याची बातमी आली तेव्हा मी हसले. मी एकटीच नाही, आमचा अख्खा ग्रुप हसला. सकाळी चहाचा कप हातात होता, मोबाइल वाजला, बघते तर कुंदाच्याच नंबरवरून कुंदाचाच फोटो. भोवती झेंडूचा हार, कोपऱ्यात समई, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. हाच फोटो, हाच हार आम्ही शिमग्याच्या आधीही पाहिला होता, तेव्हा तिनेच टाकला होता. त्यामुळे कुणी हसरे चेहरे पाठवले, कुणी 'आज कुठल्या भागानं मारलं?' म्हणून विचारलं, आणि कुंदाच्या पलीकडच्या घरातल्या सुमनने लिहिलं, 'तेराव्याला वडे मीच तळनार हां, दुसऱ्या कोनाला सांगू नको.' मला मोबाइलवर टंकत बसायचा कंटाळा, म्हणून मी सरळ फोनच लावला. पलीकडून उचलल्याबरोबर म्हटलं, "काय गो, मेलीस तरी ग्रुपवर हजर?"

पलीकडून तिच्या मुलाचा, नितीनचा आवाज आला. "बाई... मी नितीन. आई खरंच गेली. पहाटे."

माझ्या हातातला कप मी कुठे ठेवला, ते मला आजही आठवत नाही. नितीन उरणला असतो, तिथल्या कंटेनर यार्डात नोकरीला आहे. कुंदा दोन दिवस त्याच्याकडे म्हणून गेली होती. पहाटे उठली, पाणी प्यायली, छातीत कळ आली म्हणाली आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. सकाळी सगळ्यांना कळवायचं म्हणून बिचाऱ्याने आईचा मोबाइल उघडला, तर त्यात हारासकट फोटो तयारच होता. छान हसरा होता. त्याने तोच टाकला. तो आमच्या ग्रुपवर नव्हता, त्याला काय ठाऊक! गावाला माणूस मेल्याचं कळावं आणि गाव हसावं, असं आमच्या नागावात तरी कधी झालं नव्हतं. महिना उलटून गेला, पण मोबाइल वाजला की अजून मी आधी नाव बघते, मग मेसेज.

हा फोटो आधी का आला होता, ते सांगायचं तर मालिकेचं सांगावं लागेल. मालिकेचं नाव लिहीत नाही, उगाच पुन्हा भांडणं लागायची. कुंदाच्या पडवीत संध्याकाळी आम्ही सात-आठ बायका आणि दोन-तीन पुरुष ती बघायला जमायचो. पुरुष म्हणायचे, आम्ही नुसते वाऱ्याला बसलोय. कुंदाचा होमस्टे आहे, नारळाच्या वाडीत चार खोल्या, त्यामुळे मुंबईचे पाहुणेही ओल्या केसांनी येऊन टेकायचे. आणि कुंदा टीव्हीकडे बघत बसणारी बाई नव्हतीच, ती टीव्हीशी बोलायची. "मेल्या, तो कागद फाड आधी!" "सूनबाय, मागं बघ, मागं!" एकदा एक पाहुणी दचकून खरंच मागे बघायला लागली होती. मालिकेतलं कुणी मेलं की कुंदा त्याचा फोटो शोधून, मोबाइलमध्ये हार घालून ग्रुपवर टाकायची. खाली 'शोकाकुल : पडवी मंडळ'. त्यावर सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवायचे, ही आमची रीतच पडून गेली होती.

मी या गावात बालवाडी चालवली. नितीनसकट निम्म्या गावाला मी नाक पुसायला शिकवलंय, म्हणून सगळ्यांची मी 'बाई'. कुंदाही 'बाई'च म्हणायची, फक्त तिच्या तोंडी त्यात आदर कमी आणि आव्हान जास्त असायचं. आमच्या दोन वाड्यांमध्ये एक कुंपण, त्यात येण्याजाण्यापुरती फट. त्या फटीतून आमची मैत्रीही चालली आणि भांडणंही.

तर मालिकेतला सासरा वारला. फोटो पडला, हसरे चेहरे गेले, सगळं रीतसर झालं. दुसऱ्या दिवशीचा भाग मात्र कुणी कल्पनाही केली नव्हती असा निघाला. त्यात काही घडतच नाही. सासू स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसलीय. संगीत नाही, कट नाही, कारस्थान नाही. सुपातले तांदूळ इकडून तिकडे. मध्ये एकदा कावळा ओरडतो. शेवटी ती उठते, दोन ताटं घेते, एक परत फळीवर ठेवते. संपला भाग. मी मनात म्हटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला शहाणं समजलं. आणि शेजारी कुंदा पहिल्या जाहिरातीपासून बसल्या जागी चुळबुळत होती. ताट फळीवर गेलं तशी ती उभी राहिली आणि टीव्हीवर ओरडली, "अगो, कुनीतरी जा गो तिच्याकडं!"

मी म्हटलं, "कुंदे, गप्प बस, किती छान दाखवलंय..."

"छान? डोंबल छान! घरात मानूस मेला नि एक शेजारीन न्हाय आली? हा गाव हाय का मसनवट? भाकरी कुठंय? कोन भाकरी घेऊन आलं तिच्याकडं, सांग ना!"

झालं! पडवीत दोन तट पडले. मला पटलेले ते 'तांदूळवाले', तिला पटलेले ते 'भाकरीवाले'. ज्यांना नुसताच कंटाळा आला होता तेही तिच्यातच सामील झाले, त्यामुळे तिची बाजू भारी. पण कंटाळा हे कुंदाचं कारण नव्हतंच. आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरची चूल पेटवायची नसते. शेजारपाजारच्या घरांतून भाकऱ्या, पिठलं, भात जातो, आणि घरच्यांनी दोन घास खाल्ल्याशिवाय आणणारी उठत नाही. गावात कुणाचंही काही झालं तरी पदर खोचून पहिली पोचायची ती कुंदा. भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधलेली आणि मागे पिठल्याचं पातेलं घेऊन सुमन. रडणाऱ्या बाईला ती रागवायची, "रडायला बळ नको? आधी खा." तेराव्याचे वडे तळायला सुमनच लागायची आणि तिच्या डोक्यावर उभी राहायला कुंदा लागायची. अशा बाईला रिकाम्या घरात तांदूळ निवडणारी विधवा दाखवली, तर ती खवळणारच. पण मीही काही कमी नाही. मी म्हटलं, "अगं, ते सगळे येऊन गेल्यानंतरचं दाखवलंय." ती म्हणाली, "येऊन गेल्यानंतर परत यायचं असतं."

मग कित्येक दिवस हेच चाललं. कुंदाने आपलाच फोटो हार घालून ग्रुपवर टाकला, सोबत वेगळा मेसेज, 'तांदूळ निवडणे पाहता पाहता दुःखद निधन. शोकाकुल : भाकरीवाले'. मासळीवाली सुद्धा टोपली उतरवताना विचारायची, "बाय, तू कुठल्या बाजूची?" आणि बाजू बघून तिचे बांगडे ताजे-शिळे ठरायचे की काय असं मला वाटायला लागलं. शिमग्याला होळीभोवती रीतीप्रमाणे बोंबा मारल्या, त्यात भाकरीवाल्यांनी तांदूळवाल्यांच्या नावाने मारल्या. माझं नाव घेऊन मारलेली बोंब कुंदाची होती, एवढं मला अंधारातही कळलं. ठाण्याचे एक पाहुणे म्हणाले, "इथे काही राजकीय वाद आहे का?" त्यांना काय सांगणार, कपाळ!

आमची शेवटची भेट याच भांडणाची. ती उरणला निघायच्या आदल्या दुपारी मी कैऱ्या द्यायला फटीतून पलीकडे गेले. ती पडवीत पिशवी भरत होती. विषय निघायला वेळ लागला नाही. मी म्हटलं, "कुंदे, एखाद्या बाईला हवं असतं गं एकटं बसायला." तिने हातातलं पातळ खाली ठेवलं. एरवी ती उत्तर फेकून मारायची, त्या दिवशी तिचा आवाज एकदम उतरला.

"बाई, तुझा नवरा आत पेपर वाचतोय. आमचे गेले तेव्हा तेराव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चौदाव्या दिवशी मी उठले नि दोघांची भाकरी थापली. तुझ्या मालिकेत दाखवलंय ना, तसंच. सगळं खरं दाखवलंय. म्हनून तर राग येतो." मग टीव्हीकडे हात करून म्हणाली, "ह्यो टीव्ही मी त्याच संध्याकाळी आतून भाईर काढला. पाव्हन्यांसाठी काढला, असं तुला वाटलं काय?"

मला तसंच वाटलं होतं, सगळ्या गावाला तसंच वाटलं होतं. मी काही बोलायच्या आत ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "कैऱ्या आंबट हायत ना? मागल्या खेपेच्या फसव्या होत्या." मी म्हटलं, "उरणहून ये, मग बघते तुला." आली... पण कशी आली!

तिला नागावला आणलं तेव्हा वाडीत उभं राहायला जागा नव्हती. भाकऱ्या इतक्या आल्या की शेवटी ठेवायला परात उरली नाही. भाकरीवाले आले, तांदूळवाले आले, मासळीवाली टोपली फाटकाबाहेर ठेवून आली. जो तो नितीनसमोर हात जोडून 'अरे, आम्हाला वाटलं...' म्हणत होता. नितीन म्हणाला, "असू दे. आईलाच हसू आलं असतं." पण ते बोलताना त्याची मान खाली होती.

सुमन आली नाही. तिने तो वड्यांचा मेसेज पुसून टाकला होता, पण आम्ही सगळ्यांनी तो वाचलेला, नितीननेही वाचलेला. अंत्ययात्रेच्या वेळी ती आपल्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती, फाटक ओलांडून आत आलीच नाही. मी दोनदा जाऊन आले. "कुठल्या तोंडानं येऊ बाई?" एवढंच म्हणायची. नितीनने स्वतः जाऊन बोलावलं तर आत जाऊन दार लोटून घेतलं. कुंदाच्या तेराव्याचे वडे आचाऱ्याने तळले. दगड झाले होते नुसते. मी एक खाल्ला, आणि मला कुंदाचाच राग आला. सगळ्या गावाला ओढून ओढून एकत्र बसवायचं, आणि आपल्याच मरणाची थट्टा करून ठेवून आपण निघून जायचं... हे काय वागणं झालं?

नितीन परत उरणला गेला. होमस्टे सध्या बंद आहे. किल्ली माझ्याकडे आहे, माडांना पाणी सोडायचं आणि संध्याकाळी दिवा लावायचा, एवढं काम. परवा दुपारी मी पंप सुरू केला आणि पाणी शेवटच्या माडाच्या आळ्यापर्यंत पोचेतो पडवीत बसले. आवाज हवा म्हणून टीव्ही लावला. दुपारी ते मालिकेचे जुने भाग परत दाखवतात. आणि लागला तोच भाग! तीच बाई, तेच सूप, तेच तांदूळ.

मी बंद करणार होते, पण हात उठेना. तो भाग उत्तमच आहे, हे माझं मत आजही कायम आहे, कुंदा असती तर आजही भांडले असते. पण त्या रिकाम्या पडवीत, तिच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून ती तांदूळ निवडणारी बाई मला बघवेना. ती एकेक खडा वेचत होती, आणि माझ्या मनात आलं, ही चौदाव्या दिवशीची कुंदाच आहे. मी तेव्हा कुंपणाच्या अलीकडेच होते, माझ्या घरात. मला फटीतून पलीकडे जायचं सुचलं नव्हतं, तिने टीव्ही लावला तेव्हा मी गेले. आणि मी, तांदूळवाल्यांची पुढारी, त्या टीव्हीवर गळा काढून ओरडले, "अगो, कुणीतरी जा गो तिच्याकडं!"

ओरडले ती इतक्या मोठ्याने, की माडावरचे कावळे उडाले. आणि पलीकडच्या वाडीतून धावल्याचा आवाज आला. सुमन. हात पिठाने भरलेले, पदर खोचलेला, धाप लागलेली. फाटकातून थेट पडवीत.

"काय झालं बाई? कोन पडलं? कोनाकडं जायचंय?"

मी टीव्हीकडे बोट दाखवलं. तिने बघितलं. आपण कुठे उभ्या आहोत ते तिच्या ध्यानात आलं तशी ती मागे वळणार होती. मी म्हटलं, "सुमन, आता आलीस तर बस." ती खांबाला टेकून आपल्या नेहमीच्या जागी बसली. आम्ही दोघी त्या बाईचे तांदूळ बघत राहिलो. सुमनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात पिठाचे म्हणून तिला ते पुसताही येत नव्हतं, ते मी माझ्या पदराने पुसलं.

जाहिराती लागल्या तशी ती उठली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, मला न विचारता, कुंदाच्या स्वयंपाकघरात शिरली. हात धुतल्याचा आवाज आला, पातेलं गॅसवर ठेवल्याचा आला. मग आतून तिने हाक मारली, "कुंदे, साखर कुठं ठेवलीस गो?"

आतली सगळी खडखड एकदम थांबली. पंप आणि टीव्हीवरच्या जाहिराती, तेवढाच आवाज. मला माहीत होतं, आत्ता कुणी बोललं नाही तर ही बाई मागच्या दाराने निघून जाईल आणि पुन्हा कधी यायची नाही.

"वरच्या फळीवर," मी पडवीतून ओरडले, "पितळेच्या डब्यात. आणि आलं टाक गो थोडं."

बऱ्याच वेळाने डब्याचं झाकण वाजलं. टीव्हीवर त्या बाईने दुसरं ताट परत फळीवर ठेवलं, तेव्हा सुमन दोन कप घेऊन बाहेर आली.