समाधानकारक पाऊस

सरकारी कचेरीत थोडे दिवस काढलेल्या माणसाला गप्पांचा तुटवडा कधी पडत नाही. मी तर एकच पावसाळा होतो, तोही रोजंदारीवर. तरी देवपुरात जुने मित्र भेटले की कोणीतरी म्हणतंच, "ते पावसाचं सांग ना." एक किस्सा सांगितला की त्याला लागून दुसरा निघतो, चहा गार होतो, सगळे हसतात आणि शेवटी मी चिडतो. कारण यातला एकही किस्सा घडताना हसण्यासारखा नव्हता.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी कॉलेज सोडलं. आमचे आबा, म्हणजे वडील, 'काढून टाकला' असं सांगतात, पण सोडलं मीच. पिवळ्या पडलेल्या वहीतून वाचून दाखवणाऱ्या सरांना एकदा विचारलं, "सर, हे तुम्हाला स्वतःला पटतं का?" ते म्हणाले, "परीक्षेला येतं." त्या दिवशी सायकल काढली ती परत तिकडे वळवली नाही.

मग आबांनी ओळखीच्या नानांना गळ घातली. नाना एका तहसील कचेरीत अव्वल कारकून. तालुक्याचं नाव सांगत नाही. पारोळ्याच्या अलीकडे की पलीकडे, तेही विचारू नका. कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक होता. जमिनीत रोवलेलं नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, आकडा रजिस्टरात लिहायचा, जिल्ह्याला फोन करायचा. जिल्हा मुंबईला कळवणार, मुंबई दिल्लीला. तिकडे बेरीज होणार आणि रेडिओवर बाई सांगणार, पाऊस समाधानकारक, पिकं समाधानकारक, अर्थव्यवस्था रुळावर.

"पोरा, ही बाटली म्हणजे देशाची नाडी आहे," नाना पहिल्या दिवशी म्हणाले. "नीट धर."

कोणत्या गावाला टँकर द्यायचा, कुठे रोजगार हमीचं काम काढायचं, हेही त्याच रजिस्टराकडे बघून ठरायचं. हे मात्र नानांनी सांगितलं नाही. ते मला इंदूअक्काकडून कळलं.

* * *

जूनमध्ये पर्यावरण दिन होता. पृथ्वी तापते आहे असं तेव्हा पेपरात नुकतंच यायला लागलं होतं आणि वरून परिपत्रक आलं होतं की जनजागृती करावी. पाहुणे म्हणून एका सोसायटीचे चेअरमन आले. आसपासच्या गावांतून बाया गोळा करून उन्हात बसवल्या होत्या.

चेअरमन पाऊण तास बोलले. पाऊस का कमी झाला, तर तुम्ही बाया जळणासाठी झाडं तोडता म्हणून. हवा का बिघडली, तर तुमच्या चुली. जगातले शास्त्रज्ञ काळजीत आहेत, तुम्हाला काही वाटतं की नाही?

या पाऊण तासात त्यांची जीप मांडवाला लागूनच चालू होती. बॅटरी उतरलेली, बंद केली की धक्का मारावा लागणार, म्हणून ड्रायव्हरनं इंजिन बंदच केलं नाही. सगळा काळा धूर बायांच्या अंगावर. शेवटी डोंगराकडच्या गावाची एक उंच बाई उठली, पदर नाकाला लावला आणि म्हणाली,

"भाऊ, मना चुल्हामा इतला धूर नही निंघस."

ती इंदूअक्का. साहेबांनी म्हणजे तहसीलदारांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं ती आभार मानते आहे.

* * *

पाऊस अजून कुठेच नव्हता. आभाळ कोरडं ठणठणीत. तरी बाटलीत रोज पाणी. थोडंच, पण रोज. मी इमानदारीत लिहीत गेलो. आठवड्यानं रजिस्टर चाळलं, तर एक गंमत दिसली. फक्त रविवारी पाऊस नाही.

सोमवारी सकाळी लवकर येऊन आवारात उभा राहिलो. सात वाजता माळी आला, त्यानं नळाला पाइप जोडला आणि साहेबांच्या लॉनवर फवारा सोडला. पर्जन्यमापक लॉनच्या कडेलाच. फवारा फिरला की नरसाळ्यावरून जायचा. माळ्याला रविवारी सुट्टी, म्हणून पावसालाही सुट्टी. गावात नळाला पाणी चौथ्या दिवशी येत होतं, पण या नळाला कधीच खंड नव्हता.

धावत नानांकडे गेलो. त्यांनी पान लावत शांतपणे ऐकून घेतलं. पर्जन्यमापक हलवायचा तर वरची परवानगी लागते, म्हणाले. मग फवारा हलवू, मी म्हटलं. तो साहेबांचा आहे, म्हणाले.

"पण नाना, हा पाऊस खोटा आहे."

"खोटा कसा? पाणी खरं आहे ना? आणि शिस्तीचा पाऊस आहे. रविवार पाळतो."

त्या आठवड्यात रेडिओवर बाईनं सांगितलं, आमच्या भागात पावसाची सुरुवात समाधानकारक.

* * *

पुढे तालुक्याच्या गावात खरे पाऊस झाले, चार-पाच चांगले. डोंगराकडे मात्र ढग नुसते बघून जात. अक्का बाजाराच्या दिवशी कचेरीत यायला लागली. तिच्या गावची विहीर तळाला गेलेली, बाया दोन कोसांवरून हंडे आणत होत्या. टँकर द्या आणि हमीचं काम काढा, एवढंच तिचं मागणं.

नानांनी तिच्यापुढे रजिस्टर उघडलं. तालुक्यात पाऊस झालाय, म्हणाले.

"तुमना गावमा पडना व्हई. मना गावमा नही पडना."

"तुझं गाव तालुक्यात आहे ना?"

"शे."

"मग पडलाय."

मला वाटलं ती ओरडेल. ती नानांकडे बघत राहिली, लहान पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघावा तशी. मग उठली आणि पुढच्या बाजाराला परत आली. त्याच्या पुढच्यालाही.

* * *

ते वर्ष म्हणजे देशाचं सोनं परदेशी गहाण गेलं ते. कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर सुतक. नाना आदल्याच दिवशी जळगावहून मुलीच्या लग्नाचं सोनं घेऊन आले होते आणि देशाच्या सोन्यासाठी डोळे पुसत होते. शेजारी रिटायर झालेले एक हेडमास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणत.

गुरुजींनी दोष वाटायला सुरुवात केली. थोडा दिल्लीला, थोडा मुंबईला, थोडा अरबांच्या तेलाला, थोडा लोकसंख्येला. एकेकाचा वाटा काढून झाला आणि उरलेला सगळा त्यांनी माझ्याकडे सरकवला. तुमची पिढी बेजबाबदार, कॉलेज सोडता, केस वाढवता, त्याग माहीत नाही. देश असा बुडतो.

मी ग्लास खाली ठेवला. म्हटलं, "गुरुजी, पहिल्या निवडणुकीपासून प्रत्येक वेळी मत दिलं म्हणून तुम्ही छाती पुढे काढता. मी आयुष्यात एकदाच दिलंय, तेही या उन्हाळ्यात. एवढ्यात मी देश कसा बुडवला ते तरी शिकवा."

टपरीवाला खो खो हसला. गुरुजी म्हणाले, "हेच. हेच ते. उलट बोलणं." आणि माझ्या चहाचे पैसे मलाच द्यायला लावले. रोज ते देत.

* * *

एका बाजाराच्या दिवशी अक्का थेट माझ्यासमोर येऊन बसली, पर्जन्यमापकाच्या कुंपणाला टेकून. म्हणाली, मला एवढंच सांग, आमचं नाव कोणी अडवलंय? मी त्याच्या दारात बसते.

मी सांगायला लागलो. नाना म्हणतात साहेबांनी. साहेब म्हणतात जिल्ह्यानं. जिल्हा म्हणतो मुंबईनं, मुंबई म्हणते दिल्लीचे निकष. दिल्लीला विचारलं तर ती म्हणणार, आमच्याकडे आकडा आलाय, पाऊस समाधानकारक.

"आनि तो आकडा कोन लिखस?"

मोजपात्र माझ्या हातातच होतं. तिनं मोजपात्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. उठताना गुडघ्यावर हात टेकून म्हणाली,

"मंग तर जवळच शे."

आयुष्यात मला पुष्कळ शिव्या बसल्यात. एवढी लागलेली एकही नाही.

* * *

त्या दिवशी घरी जाऊन आबांशी भांडलो. तुम्ही तरुणपणी निळे झेंडे घेऊन मोर्चे काढले, तुरुंगात बसलात, आणि आता मला सांगता की नाना म्हणतात ते लिही, नोकरी सांभाळ. कुठे गेला तुमचा मोर्चा?

आबा डाळ मिलमधून आले होते, भुवयांवर डाळीची धूळ तशीच. धुतलेल्या हातांनी भाकरी मोडत ते म्हणाले,

"माझ्या बापाला त्या कचेरीच्या ओट्यावर चढू देत नव्हते. खालून अर्ज फेकायचा. मोर्चा कुठे गेला विचारतोस? तो तुला त्या ओट्यावर चढवून थांबला. पुढचं तू बघ."

आणि आईला कालवण वाढायला सांगितलं. मी वडीलधाऱ्यांना सोडत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मात्र मी ताट पुढे केलं.

* * *

आता शेवटचा.

पावसाळा संपला आणि टंचाईच्या यादीची बैठक लागली. साहेबांच्या टेबलाभोवती दोन-तीन अधिकारी, नाना रजिस्टर घेऊन, मी मोजपात्र कोपऱ्यात ठेवून मागे उभा. अक्काच्या गावाचं नाव यादीत नव्हतंच. वाचन संपत आलं तेवढ्यात अक्का आत आली, पाठोपाठ तिच्या गावच्या सात-आठ बाया. शिपायानं अडवायला हात केला, पण इतक्या बायांना हात कुठे लावणार.

अक्कानं डोक्यावरून तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा उतरवला आणि टेबलावर हिरव्या कापडावर ठेवला.

"हाऊ आमना गावना पाऊस. मोजा."

साहेबांनी डोकावून बघितलं. आत पाणी नव्हतं, चार खडे होते. अक्कानं सांगितलं, मृगापासून डबा अंगणात उघडा होता. ज्या दिवशी पाऊस पडेल त्या दिवशी एक खडा टाकायचा. गावच्या सगळ्या बायांनी रोज बघितलंय.

साहेब हसले. म्हणाले, हे सरकारी यंत्र नाही. डबा उचला.

उचलायला त्यांनी मला सांगितलं. मी डबा उचलला आणि कोपऱ्यातल्या मोजपात्रात उपडा केला. चार खडे काचेवर वाजले. मग नानांसमोरचं रजिस्टर ओढलं आणि पुढच्या कोऱ्या ओळीत गावाचं नाव लिहिलं. पाऊस, चार दिवस, नुसते शिंतोडे. शेवटचा रकाना होता 'मोजणाऱ्याची सही'. मी शाईचा पॅड उघडून अक्कापुढे धरला. तिनं अंगठा उठवला, चांगला दाबून, आणि बोटाची शाई टेबलाच्या हिरव्या कापडाला पुसली.

साहेब ताडकन उठले. नानांना म्हणाले, ते पान फाडा.

नाना तीस वर्षांत कधी साहेबाला 'नाही' म्हणाले नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"साहेब, पानांना नंबर आहेत. या रजिस्टरात पानं किती, ते पहिल्या पानावर लिहिलंय. खाली सही तुमचीच आहे."

मला त्याच मिनिटाला बाहेर काढलं. हे मात्र खरंच काढलं, मी सोडलं नाही. मी ओट्यावरून उतरलो. उतरताना कोणी बघितलं का, मला माहीत नाही.

दहाव्या दिवशी नाक्यावर उभा होतो. पाण्याचा टँकर डोंगराच्या रस्त्याला वळला. मागे बसलेला कचेरीचा शिपाई मला बघून उतरला आणि त्यानं काय झालं ते सांगितलं.

महिन्याचा तक्ता जिल्ह्याला गेला तो अंगठ्यासकट. तिकडून फोन आला. साहेब दौऱ्यावर, फोन नानांनी घेतला. पलीकडचा अधिकारी इतका मोठ्यानं ओरडत होता की बाकावर बसलेल्या शिपायालाही ऐकू येत होतं. एकाच तालुक्यातून दोन दोन पाऊस कसे आले? हा काय प्रकार आहे?

नानांनी तोंडातलं पान खिडकीबाहेर थुंकलं आणि रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"साहेब, एक पाठवायचा असतो तो आहे आणि एक पडलेला आहे. तुम्हाला कोणता हवाय?"