घरचं माणूस आधी

मेंबरकाकांना हळू बोलता येत नसे. शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक घालण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. नागपूरच्या कौन्सिलात निवडून गेल्यावर पहिल्याच भाषणाला अध्यक्षांनी त्यांना आवाज उतरवायला सांगितलं, असं तेच हसत सांगत.

नळगंगेकाठच्या आमच्या गावात ते आमचे शेजारी. बैठक संपली की मलकापूरला गाडीतून उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी कोट खुंटीला टांगून वखर हाती घ्यायचे. अर्ज घेऊन आलेल्या माणसाला वखराबरोबर चालत गाऱ्हाणं सांगावं लागे. उगाच आलेला दुसऱ्या फेरीलाच घामाघूम होऊन परत फिरे.

मुलींची शाळा त्यांनी नागपुरात भांडून मंजूर करून आणली. गावाला ती नको होती. पोरी शिकल्या तर कापूस कोण वेचणार, असं जो तो म्हणे. जागा कुणी देईना, म्हणून काकांनी आपली कपाशीची खोली रिकामी केली. बाई आल्या, फळा लागला. पोरगी मात्र एकही आली नाही. पट भरला नाही तर शाळा उठणार होती.

काका घरी आले आणि काकूंना म्हणाले, "उद्यापासून तू शाळेत जाय."

काकूंचे केस पिकलेले, घरात सून आलेली. त्या म्हणाल्या, "मले काऊन पाठवता? लोकं हासतीन ना."

"हासू दे. लोकायच्या पोरी मागून राह्यलो, तं आधी घरचं माणूस द्याले पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी काकू डोक्यावरचा पदर सावरत, पाटी घेऊन भर गावातून निघाल्या. पारावरची माणसं खरंच हसली. आमच्या आईला ते हसणं लागलं. तिने त्याच दुपारी माझी वेणी घातली आणि मला काकूंच्या शेजारी नेऊन बसवलं. मग सुताराची आली, माळ्याच्या दोघी आल्या. दिवाळीपर्यंत खोलीत बसायला जागा उरली नाही.

पुढच्या निवडणुकीत विरोधकांनी हाच विषय धरला. बायकोला पाटी धरायला लावणारा हा माणूस उद्या तुमच्या घरात शिरेल, असं गावोगाव सांगितलं. शाळा सरकारने लादली, एवढं म्हणून मोकळे व्हा, असा काकांच्याच माणसांनी त्यांना सल्ला दिला. ते म्हणाले, "मत पुन्हा मागता येते. पोरी एकडाव घरी बसल्या तं पुन्हा निघत नाईत." ते पडले. निकाल कळला त्या दिवशी काकूंनी जेवण केलं नाही. काका मात्र जेवले आणि शेतात पऱ्हाटीचं निंदण पाहायला गेले.

काही वर्षांनी मला अमरावतीला शिक्षिकेच्या शिक्षणासाठी जायचं होतं. वडील कचरत होते. काकांनी त्यांना समजावलं आणि स्वतःच बैलांची दमणी जुंपून आम्हाला मलकापूर स्टेशनावर आणलं. काकूंनी भाकरीचं गाठोडं दिलं होतं. त्यावर कोळशाने माझं नाव लिहिलेलं, वेलांटी चुकलेली.

गाडी आली. मी ट्रंक उचलायला वाकले, तर काकांनी हात आडवा धरला. जन्मापासून मला अगं-तुगं करणारा तो माणूस म्हणाला, "तुमी बसा बाई. सामान मी ठेवतो."

ती आमची शेवटची भेट. पुढे कितीतरी मुलींनी मला बाई म्हटलं. सगळ्यांत आधी म्हटलं ते मेंबरकाकांनी, मी एक अक्षरही शिकवलं नव्हतं तेव्हा.