चौदा मीटरच्या आतलं दुकान

जगदेवीचं पिको-फॉलचं दुकान बिदरच्या जुन्या पेठेत बावीस वर्षं चाललं. नवरा गेला तेव्हा पदरात दोन पोरी आणि एक शिलाई मशीन, एवढंच उरलं होतं. शंकरप्पानं आपल्या घराखालचा दहा बाय बाराचा गाळा तिला भाड्यानं दिला. त्याची बायको पार्वतम्मा दुपारी खाली येऊन बसायची, पोरींच्या वेण्या घालायची. जगदेवी त्यांना अण्णा-अक्का म्हणे, आणि नुसतं तोंडदेखलं नव्हे.

दोन वर्षांमागं शंकरप्पानं आपणहून सांगितलं की मागची खोली रिकामीच पडलीय, मधली भिंत पाडू, बायकांना ब्लाऊज घालून बघायला आडोसा होईल. भाडं आहे तेच. गवंडीही त्यानंच आणला. जगदेवीनं गल्लीभर सांगितलं, असा मालक मिळायला नशीब लागतं.

यंदा दिवाळीनंतर वकिलाची नोटीस आली. दुकान खाली करा.

घाबरून तिनं उदगीरला मावसभावाला, व्यंकटला, फोन लावला. त्याचं तिथं घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्याच्या मालकानं सहा वर्षं कोर्टात डोकं आपटलं, पण व्यंकट हलला नव्हता. त्याच्याकडं तर करारच नव्हता. पण महाराष्ट्रात करार लिहून नोंदवायची जबाबदारी मालकाची, म्हणून मालकच अडकला. भाडं थकवलं नसंल तर कुणी उठवत नाही, बिनघोर राहा, असं तो म्हणाला. त्या रात्री जगदेवीला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ती मंजुश्री वकिलीणबाईंकडं गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दुकान केवढं म्हणून विचारलं. दहा बाय अठरा फूट, जगदेवी म्हणाली. बाईंनी कागदावर हिशेब मांडला आणि पेन खाली ठेवलं.

"मावशी, उदगीरचा कायदा निराळा, आपला निराळा. हिकडं कर्नाटकात दुकान चौदा चौरस मीटरच्या आत असंल तरच भाडे कायदा तुमच्या बाजूनं हुबा राहतो. तुमचं जवळजवळ सतरा भरायलंय."

"आन् पहिलं होतं तेवढंच असतं तर?"

"अकरा. मग तुम्हाला उठवणं सोपं नव्हतं."

जगदेवी तिथनं उठली ती थेट शंकरप्पाच्या जिन्यानं वर गेली. तो झोपाळ्यावर बसला होता. पार्वतम्मानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. जगदेवीनं त्याला हात लावला नाही. ती भांडायला आली नव्हती. तिला एकच गोष्ट विचारायची होती.

"अण्णा, भिंत पाडताना तुम्हाला ठावं व्हतं का?"

आपल्या पोराला, गुरुबसवला, मोबाईलचं दुकान घालायचं होतं, हे शंकरप्पानं आधी सांगून बघितलं. जगदेवी हलली नाही. तेव्हा तो म्हणाला, "वकिलानंच सांगितलं व्हतं, भिंत पाडा म्हणून."

कोर्टात जायची तिला इच्छाच उरली नाही. गाळा गेल्याचं दुःख ती गिळू शकली असती. पण आपण आपल्याच तोंडानं ह्या माणसाचं कौतुक गल्लीभर केलं, ते तिला रात्रंदिवस खायला लागलं. महिन्याच्या आत तिनं मशीन उचललं आणि शहराच्या कडेला, मैलूरच्या बाजूला, राहत्या घराच्या ओट्यावर मांडलं. निम्मी गिऱ्हाइकं तुटली.

संक्रांतीच्या आधी पार्वतम्मा रिक्षा करून तिथं आली. हातात इरकलीचा खण. ब्लाऊज शिवून दे म्हणाली, दुसऱ्या कुणाचं मापाला बसत नाही म्हणाली. जगदेवीनं बसायला पाट दिला, गळ्यातली टेप काढली. खांद्याचं माप घेताना तिनं हळूच विचारलं, "अक्का, तुमाला तर म्हाईत नव्हतं नव्हं?"

पार्वतम्मानं मान खाली घातली. "म्हाईत व्हतं ग. मी कसं सांगणार?"

जगदेवीनं टेप गुंडाळली. खणाची नीट चौकोनी घडी घालून तो पार्वतम्माच्या मांडीवर ठेवला आणि रस्त्यावरनं जाणाऱ्या रिक्षावाल्याला थांब म्हणून हाक मारली.