वाटीतले केक

नातीच्या वाढदिवसाला सून छोटे छोटे केक करायला घेते, तेव्हा मी उठून अंगणात बसते. खायचं टाळायला साखरेचं निमित्त सांगते.

लढाईच्या दिवसांत कडेगावला आमच्या घरी तार आली. इंग्रजी वाचणारे मास्तर मिरजेला गेले होते. आई म्हणाली, "मागं तार आली तवा दादा रजेवर आला हुता. आता बी येणार बघ." दादा माझा थोरला भाऊ, फौजेत स्वयंपाकी. केक त्यानंच आईला शिकवलेला. रवा, गूळ, अंडी फेटून वाट्यांत घालायची आणि खाली-वर निखारे ठेवायचे. तो आला की भावकीला वाटायला म्हणून आईनं बारा वाट्या लावल्या. घरभर वास सुटला.

मास्तर आले. त्यांनी तार वाचली, टोपी काढली आणि एवढंच म्हणाले, "वहिनी, चूल विझवा."

माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, हे सात वर्षांच्या मलाही ठाऊक होतं. आईनं कळशीभर पाणी निखाऱ्यांवर ओतलं.

सगळे रडत होते. मला भूक लागली होती. एक वाटी उचलून मी गोठ्यामागं गेले. केक आत कच्चा होता.

तरी लय गोड लागला.