राईतल्या ग्रीक रांजणावर अण्णांना भेटलेला सहकारी

गेल्या शुक्रवारी फैलाका बेटावर जायचं ठरलं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, परभणीचे निवृत्त कृषी सहायक. दोन महिन्यांसाठी माझ्याकडे कुवेतला आले आणि आठव्याच दिवशी "तिकीट काढ बाई माझं, इथं मातीच न्हाई" म्हणून अडून बसले. आई गेल्यापासून ते घरी एकटेच असतात. त्यांनी थांबावं म्हणून माझा नुसता जीव तुटत होता. बेटावर जुन्या ग्रीक वस्तीचे अवशेष आहेत, त्यात रमतील असं वाटलं.

सालमियाच्या धक्क्यावर पोचलो तर वाऱ्यामुळे बोट रद्द. तुम्ही जाणार असाल तर आधी फोन करा, मी केला नव्हता. चडफडत गाडी शहरातल्या राई नावाच्या भागाकडे वळवली. तिथे कुंड्यांची गोदामं आहेत. नमाजाआधी गेलात तर पार्किंग मिळतं, बघायला पैसे पडत नाहीत, वर चहाही मिळतो.

एका गोदामात पुरुषभर उंचीचा ग्रीक रांजण होता, अर्थात नक्कल. काळ्या रंगावर तांबूस चित्र: पंखांच्या रथात बसलेला तरुण, हातात गव्हाच्या ओंब्या, समोर सुरई घेतलेली देवी. विक्रेते रत्नागिरीचे इस्माईलभाई. ते म्हणाले, "काका, ह्या देवीनं ह्याला गहू दिलान नि सांगितलान, जा, जगाला पेरायला शिकव."

अण्णांनी चष्मा पुसला. "म्हंजे कृषी सहायकच की."

मग चौकशी सुरू झाली. बियाणं कोणतं, फिरतीचा कार्यक्रम कुणी मंजूर केला, दौऱ्याची डायरी कुठाय. पंखांचा रथ पाहून तर ते फारच दुखावले. त्यांची तीस वर्षं सायकलवर गेली होती. इस्माईलभाई बिचारे साहेबांसमोर उभं राहावं तसे हात बांधून उत्तरं देत होते.

शेवटी अण्णांनी विचारलं, "ह्यो इकडं आलता का?"

"इकडे कशाला येतोय, काका. वाळवंट हे."

"म्हंजे इथली फिरती राहिली," अण्णा गंभीरपणे म्हणाले.

रांजण परवडणारा नव्हता. आम्ही तीन प्लास्टिकच्या कुंड्या, मातीची पोती आणि वाटेत किलोभर अख्खे गहू घेतले. जाब्रियातल्या माझ्या चौथ्या मजल्यावरच्या घराच्या गॅलरीत अण्णांनी कुंड्यांना हळदकुंकू लावून पेरणी केली. मला शेजारी बसवून दोन बियांमधलं अंतर शिकवलं, चुकले तेव्हा रागावलेही.

आज कोंब दिसले. अण्णा अंघोळीला गेल्यावर मी त्यांची वही हळूच उघडली. सरकारी अक्षरात लिहिलं होतं: 'मौजे जाब्रिया. शेतकरी: मुलगी. उगवण समाधानकारक. शेतकरी नवखी व एकटी असल्याने पीक निघेपर्यंत मुक्काम आवश्यक.'